सिनेमा जेवणाआधी, झोप जेवणानंतर

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):
मी ठाण्यातल्या एका शाळेत शिकवते, राहते कोपरखैरण्यात. निकाल लागले की २ मेपासून सुट्टी. दरवर्षी ठरवते, यंदा मनसोक्त हिंदी सिनेमे बघायचे आणि लोळायचं. होतं असं, की जेवणं उरकून दोन वाजता टीव्हीसमोर बसते. काय लावायचं यातच अर्धा तास जातो. हॉल पश्चिमेचा, पडद्यावर ऊन येतं. एसी एकच, तो बेडरूममध्ये. बारा वर्षांच्या मुलाला मारामारी हवी, सासूबाईंना जुने सिनेमे. त्यांना संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणं लागलं की कानठळ्या बसतात. मध्यंतराच्या आत माझा डोळा लागतो. पाचला उठते तेव्हा डोकं जड झालेलं असतं, सिनेमा अर्धवट राहिलेला असतो आणि ‘दिवसभर काय केलंस?’ याला उत्तर नसतं. गेल्या अख्ख्या सुट्टीत शेवटपर्यंत बघितलेले सिनेमे दोन! मला धड आळससुद्धा जमत नाही. काय चुकतंय?
— एक शिक्षिका, कोपरखैरणे

ताई,

आळस तुम्हाला उत्तम जमतो. फक्त सिनेमा आणि झोप ही दोन सुखं तुम्ही एकाच वेळेला बोलावता आणि झोप दर वेळी जिंकते. दुपारी एक ते चारच्या दरम्यान शरीर आपणहून मंदावतं, उपास असला तरी. त्यात पोटात आमरस, अंगावर पंख्याचा वारा आणि समोर संथ कृष्णधवल सिनेमा. यात जागं राहिलात तरच नवल.

तेव्हा पहिला बदल वेळेचा. सिनेमा अकराला. जेवण त्यानंतर. झोप जेवणानंतर.

तुमच्या घराला हे आणखी एका कारणाने सोयीचं आहे. पश्चिमेच्या हॉलमध्ये दुपारी एकपर्यंत थेट ऊन येतच नाही. भिंती रात्रभर निवलेल्या असतात, पडद्यावर झळाळी नसते आणि एसीवाचून दोन-अडीच तास आरामात निघतात. साडेदहापर्यंत अंघोळी, नाश्ता आणि भाजी उरकून ठेवा. कुकर भरून तयार ठेवा, पण लावू नका. तो मध्यंतरात लावायचा, कारण तीन शिट्ट्यांमधली एक नेमकी खुनी कोण हे सांगितलं जातं तेव्हाच होते. नाश्ता पोह्यांइतका हलका असू द्या. मिसळ किंवा साबुदाणा वड्यावर अकराचा खेळ धरलात तर दोनची झोप साडेअकराला येईल.

अडीच तासांचा सिनेमा आणि पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरलं तर पावणेदोनला ताटं वाढलेली असतात. तोपर्यंत ऊन बाल्कनीत उतरतं. ते पडद्याने अडवू नका, बाहेरच अडवा. काचेच्या आतल्या पडद्याने उजेड थांबतो, पण उष्णता तोवर खोलीत आलेली असते. बाल्कनीच्या ग्रिलला बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी जाळी लावली तर फरक हाताला कळतो. कूलर घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. पाण्याची वाफ होताना हवा गार होते, हे कूलरचं आणि वाळ्याच्या पडद्याचं तंत्र. नागपूरच्या कोरड्या हवेत ते छान चालतं. खाडीकाठच्या दमट हवेत पाणी नीट उडतच नाही, खोली फक्त आणखी चिकट होते.

टीव्ही बेडरूममध्ये हलवायचा मोह होईल, तोही टाळा. पलंगावर आडवं होऊन बघितलेला सिनेमा मध्यंतर ओलांडत नाही. जमिनीवर गादी दुमडून घाला, पाठीला लोड किंवा सोफ्याची कड, पाय लांब. लोळणंही होतं आणि मान सरळ राहते म्हणून जागही राहते. सासूबाईंना खुर्ची, टीव्हीला सगळ्यात जवळची. ४३ इंची टीव्हीला सहा-सात फूट अंतर पुरे. बहुतेक घरांत सोफा दहा फुटांवर असतो आणि मग पडदा लहान पडतो अशी तक्रार होते.

आता टीव्हीच. दुकानातून आला तसाच तो चालू असेल, तर दोन गोष्टी बदलायच्या आहेत. एकदाच करायचं काम आहे, रविवारी दहा मिनिटं द्या.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने बनवून घालतो आणि सगळं गुळगुळीत करतो. म्हणून १९७०च्या दशकातला सिनेमाही काल चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसायला लागतो. ही सोय बंद करा. सॅमसंगमध्ये ती पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस या नावाने असते, एलजीमध्ये ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो.

दुसरं, चित्राचा आकार. १९५०च्या दशकातले बहुतेक सिनेमे जवळजवळ चौकोनी आहेत. रुंद टीव्हीवर त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. त्या खटकतात म्हणून लोक चित्र ताणतात आणि नायिका गुटगुटीत होते. किंवा झूम करतात आणि नाचताना पावलं कापली जातात. नाचातली पावलंच गेली तर उरलं काय?

सासूबाईंच्या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ, त ही व्यंजनं पुसट होतात आणि स्वर ऐकू येत राहतात. म्हणून आवाज वाढवला की गोंगाट वाढतो, शब्द कळत नाहीत. बास कमी करा, ट्रेबल वाढवा आणि टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘स्पीच’ असा पर्याय असेल तर तो लावा. गाण्यांच्या दणक्यासाठी ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा. मोठा आवाज त्याने दाबला जातो आणि बारीक आवाज वर येतो.

नव्या सिनेमांत आणखी एक भानगड असते. त्यांचं ध्वनिमुद्रण पाच-सहा स्पीकरांसाठी केलेलं असतं आणि संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरात ठेवलेले असतात. टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांत ते सगळं कोंबलं की संवाद पार्श्वसंगीताखाली बुडतात. अॅपमध्ये ऑडिओच्या यादीत ‘हिंदी ५.१’ आणि नुसतं ‘हिंदी’ असे दोन पर्याय दिसले, तर नुसतं ‘हिंदी’ घ्या. एवढं करूनही सासूबाईंना समोरासमोरचं बोलणं दोनदा विचारावं लागत असेल, तर दोष टीव्हीचा नाही. सुट्टीतली एक सकाळ कानाच्या डॉक्टरांसाठी ठेवा.

मग प्रत. जुने सिनेमे राजश्री, शेमारू, अल्ट्रा यांच्या यूट्यूब वाहिन्यांवर फुकट आहेत. पण तिथली प्रत पूर्ण असेलच असं नाही. कधी एखादं गाणं गायब, कधी विनोदी उपकथानक अख्खं कापलेलं. हे ओळखायची खूण सिनेमातच असते आणि ती आपण कायम पळवून पुढे जातो. ती म्हणजे सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र. ते दिसलं की थांबवा. त्यावर लांबी लिहिलेली असते. मीटरमध्ये असेल तर २७.४ ने भागा, फुटांत असेल तर ९० ने. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला तेवढीच सरकते. म्हणजे ४,११० मीटर लिहिलं असेल तर सिनेमा दीडशे मिनिटांचा. समोरची प्रत १४४ मिनिटांची निघाली तर घाबरू नका. काही प्रती टीव्हीच्या हिशेबाने सेकंदाला २५ चौकटींच्या वेगाने बनवलेल्या असतात. त्यात चार टक्के वेळ वाचतो आणि आवाज किंचित चढा लागतो. पण दहा मिनिटांहून जास्त तफावत असेल तर कात्री लागली आहे, दुसरी प्रत शोधा. हा भागाकार मुलाला करायला द्या. सुट्टीत गणित केल्याचं त्याला कळणारही नाही.

निवडीचा अर्धा तास वाचवायला चिठ्ठ्या करा. सहा आठवड्यांतला एक गावाला जाणार आणि शाळा उघडायच्या आधीचा अर्धा शाळेच्याच कामात. उरले साधारण पाच. आठवड्याला तीन सिनेमे धरले तर पंधरा होतात, त्याहून जास्त धरू नका. रोज एक सिनेमा हा सुट्टीतला नवा पोर्शन होईल आणि पोर्शन पुरा करायची सवय तुम्हाला आधीच फार आहे. तुम्ही, सासूबाई आणि मुलगा, प्रत्येकी पाच चिठ्ठ्या. चिठ्ठीवर नाव, साल, किती मिनिटांचा आणि कुठल्या अॅपवर आहे, एवढं लिहायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं ‘अरे, हा इथून गेला वाटतं’ यातच जात असणार. हक्कांची मुदत संपली की सिनेमे अॅपवरून निघून जातात, म्हणून आदल्या रात्री एकदा खात्री करा. चिठ्ठीही आदल्या रात्रीच काढायची. सकाळी काढली की वाद सकाळी होतात.

ज्याची चिठ्ठी निघेल त्याचा सिनेमा मध्यंतरापर्यंत सगळ्यांनी निमूट बघायचा. मध्यंतरात मतदान. तिघांपैकी दोघं नको म्हणाले तर तिथेच बंद, वाईट वाटून घ्यायचं नाही. ही सवलत नसेल तर मुलगा पहिल्याच आठवड्यात या सगळ्यातून अंग काढून घेईल.

तुमच्या पाच चिठ्ठ्यांमध्ये सई परांजपे यांचा ‘चश्मे बद्दूर’ (१९८१) असावा. दिल्लीचा उन्हाळा आणि तीन बिनकामाचे मित्र, त्यातले दोघे मुली पटवायच्या नादात. दीप्ती नवल दारोदार चमको साबण पावडर विकायला येते तो प्रसंग तर घाई अजिबात नसलेल्या लेखनाचा नमुना आहे. रिकामपण बघायला इतकं सुखाचं फार थोड्या हिंदी सिनेमांत आहे. त्यांचाच ‘कथा’ (१९८३) सासूबाईंना जवळचा वाटेल. चाळ, एकमेकांच्या दारात डोकावणारे शेजारी, आणि मूळ एक मराठी नाटक.

मुलासाठी मारामारीच हवी असेल तर ‘शोले’ (१९७५) आहेच, पण तो अकराला लावू नका. २०४ मिनिटांची प्रत मध्यंतरासकट पावणेतीनला संपते आणि तोवर घर भुकेने कासावीस. साडेनऊला लावा, किंवा दोन सकाळींत बघा. आगगाडीवरच्या हल्ल्याआधी त्याला सांगा, की हे चित्रीकरण पनवेलजवळ मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर झालं आणि त्याला सात आठवड्यांहून जास्त वेळ लागला. कोपरखैरण्याच्या मुलाला पनवेल म्हणजे लोकलचं शेवटचं स्टेशन. तिथून घोड्यावरून डाकू आले म्हटल्यावर तो फोन खाली ठेवतो. ‘लगान’ (२००१) तर पावणेचार तासांचा, पण त्याची फोड सोपी आहे. पहिल्या दिवशी संघ जमेपर्यंत, दुसऱ्या दिवशी सामना.

विनोदी सिनेमांत ‘गोलमाल’ (१९७९) आणि ‘अंगूर’ (१९८२) तिघांनाही चालतात. ‘अंगूर’मध्ये संजीव कुमार दोन आणि देवेन वर्माही दोन. पहिली वीस मिनिटं कोण कुठला हे लक्ष देऊन बघायला लागतं, नाहीतर पुढचे विनोद हुकतात. ‘चुपके चुपके’ (१९७५) मुलाला कदाचित लागणार नाही. त्यातली अर्धी मजा अतिशुद्ध हिंदीची आहे आणि आजच्या मुलांची हिंदी कार्टूनमधून आलेली. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) हसवत हसवत नेतो आणि शेवटी घशात आवंढा आणतो. रात्री झोपताना लावू नका.

सासूबाईंची ‘मुगल-ए-आझम’ची (१९६०) चिठ्ठी येणारच. त्याची २००४ साली पूर्ण रंगवलेली प्रत आहे आणि मूळ प्रत आहे, जिच्यात बहुतेक भाग कृष्णधवल आणि शीशमहाल रंगीत. मूळच बघा. दीड-दोन तास राखाडी छटांची सवय झालेल्या डोळ्यांपुढे तो महाल एकदम रंगांनी उजळतो. पहिल्या मिनिटापासून सगळंच रंगीत असेल तर तो झटका बसतच नाही.

फोन. तीनही फोन बेडरूममध्ये, चार्जिंगला. ‘सायलेंट करून मांडीवर’ हे चालत नाही, कारण गाणं लागलं की हात आपोआप तिकडे जातो आणि गाण्यानंतरचा पहिला संवाद हुकतो. हिंदी सिनेमात कथा बरेचदा त्याच संवादात पुढे सरकते. नट कोण, हा कुठे बघितलाय, असे प्रश्न कागदावर लिहून ठेवा, मध्यंतरात शोधा. कुरिअरवाल्यांसाठी दाराबाहेर स्टूल ठेवा. शाळेचे ग्रुप दीड वाजता बघितले तरी शाळा चालते.

मध्यंतर तुम्हालाच करायला लागेल, अॅप ते देत नाही. जुन्या सिनेमांत मध्यंतराची पाटी बरेचदा शाबूत असते. नव्यात निम्म्याच्या जरा पुढे एखाद्या धक्क्यावर प्रसंग तुटतो, तेच मध्यंतर. राज कपूर यांच्या ‘संगम’ (१९६४) आणि ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) या दोन सिनेमांना तर दोन-दोन मध्यंतरं होती. ते बघताना जेवणाचा बेत पिठलं-भाताचाच ठेवा.

आणि मध्यंतर म्हटलं की पॉपकॉर्न. हे घरी बिघडतात ते नवी मुंबईच्या हवेमुळे. पिशवीतली मसालेदार नकोत, नुसते मक्याचे दाणे आणा. तिघांना पाव कप पुरे, म्हणजे साधारण ५० ग्रॅम. जाड बुडाच्या तीन लिटरच्या पातेल्यात दोन टेबलस्पून तेल घाला, त्यात फक्त तीन दाणे टाका आणि झाकण ठेवा. तिन्ही फुटले की तेल तापलं समजा. आता गॅस बंद, उरलेले दाणे आत, झाकण लावून तीस सेकंद थांबा. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे सारखे तापतात. मग गॅस मध्यम ठेवून पातेलं अधूनमधून हलवा आणि झाकण एका बाजूने बोटभर उघडं ठेवा. घट्ट झाकलं की वाफ आतच राहते आणि लाह्या चिवट होतात. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की उतरवा. शेवटच्या चार दाण्यांसाठी थांबलात तर खालचे चाळीस करपतात.

बरेच दाणे न फुटता राहिले तर ते सुकलेले असतात. दाण्यात चौदाएक टक्के ओलावा असतो, त्याची वाफ होऊन तो फुटतो. पिशवी उघडी राहिली, विशेषतः पंख्याखाली किंवा एसीत, की तो ओलावा जातो. २०० ग्रॅम दाण्यांना एक चमचा पाणी लावून घट्ट बरणीत दोन दिवस ठेवा, मधूनमधून हलवा. फुटलेल्या लाह्यांचं मात्र उलट. त्या आपल्या दमट हवेत अर्ध्या तासात मऊ पडतात. म्हणून एकदम सगळ्या करू नका, मध्यंतरात करा आणि तिथेच संपवा. बटर टाळा, त्यातल्या पाण्याने लाही बसते. चमचाभर तूप चालतं. मीठ मिक्सरमधून बारीक करून घ्या, जाड मीठ सगळं वाडग्याच्या तळाशी जातं. पन्हं आदल्या दिवशीच करून फ्रिजमध्ये ठेवा. मध्यंतरात कैऱ्या उकडत बसायला वेळ नाही, तेव्हा तुमचा कुकर चालू असतो.

पंधरातला एखादा सिनेमा बाहेर बघा. मंगळवार-बुधवारचा सकाळचा खेळ, वाशी किंवा सीवूड्स. गर्दी कमी, तिकीट बरेचदा स्वस्त. बसायला मागून एक-तृतीयांश अंतरावरची रांग, मधोमध. सासूबाईंना शाल न्या, चित्रपटगृहात एसी कधीच बेताचा नसतो. बाहेरचं खाणं आणू न देण्याचा अधिकार चित्रपटगृहाला आहे. पण पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा बाटलीसाठी शंभर रुपये काढण्याआधी पाणी कुठे आहे ते विचारा. रविवारी मात्र जाऊ नका. मेगाब्लॉक आणि मॉल दोन्ही एकाच दिवशी अंगावर येतात.

आता दुपार. जेवलात, पावणेतीन झाले, बेडरूमचा एसी २६ वर आणि पंखा सावकाश. इथे झोपायचं, आणि राजरोस झोपायचं. वामकुक्षी म्हणतात ती डाव्या कुशीवरची, पंचवीस-तीस मिनिटांची. पाचला उठल्यावर तुमचं डोकं जड होतं, कारण तासाभराच्या आसपास झोप सगळ्यात गाढ असते आणि नेमकं तिथून तुम्ही उठता. म्हणून एकतर अर्ध्या तासाचा गजर लावा, नाहीतर सरळ दीड तास झोपा. मधलं काही नको. चारनंतर डोळा लागू देऊ नका, रात्रीचे दोन वाजतील.

दुपारी सिनेमाशिवाय चैनच पडत नसेल तर त्या वेळेसाठी वेगळी जात ठेवा. आधी चार-पाचदा बघितलेला, भरपूर गाण्यांचा, कुठूनही कुठेही चालणारा सिनेमा. आवाज बारीक. त्यात झोप लागली तर काही बुडत नाही, गाण्याला जाग येते, दोन ओळी गुणगुणता आणि पुन्हा मिटतं. हा सिनेमा पंधरात मोजायचा नाही.

साडेतीन ते साडेपाच मात्र काहीच नको. सिनेमा नको, पापड नको, कपाट आवरणं तर नकोच. हे सगळ्यात अवघड आहे, त्यामुळे थोडं सविस्तर. पहिली वीस मिनिटं त्रासाची असतात. हात काहीतरी शोधतो, फ्रिज उघडला जातो, माळ्यावरचे डबे आठवतात. ते जाऊ द्या. चटई टाकून गार लादीवर पडा, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसलेली घार बघा. मुलगा येऊन ‘बोअर होतंय’ म्हणेल. अर्धा तास त्यावर काहीही सुचवू नका, रागावूही नका. सुचवलंत तर उद्या तो तुमच्याकडेच मागायला येईल. न सुचवलंत तर अर्ध्या तासाने तो खाली उतरलेला असतो, किंवा चादरीचा तंबू तरी करत असतो.

घरकाम या वेळेत घुसू नये म्हणून त्याला आठवड्याचे दोन दिवस बांधून द्या, समजा सोमवार आणि शनिवार, सकाळी. कुरडया, वर्षाचं तिखट, पंखे पुसणं, बँक, सगळं त्यातच. मंगळवारी आठवलेलं काम फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं, करायचं नाही. बाईच्या सुट्टीवर सगळ्या घराचं तुंबलेलं काम येऊन पडतं. तुमचे दोनच सिनेमे झाले त्याचं अर्धं कारण तिथेही असावं. संध्याकाळी ऊन उतरलं की निसर्ग उद्यानात एक फेरी. ठाण्याला फक्त तलावपाळीसाठी जा, शाळेच्या कामाला नाही. रोजची ट्रान्स हार्बर लोकल सहा आठवडे तुमच्यावाचून धावेल.

‘दिवसभर काय केलंस?’ याचं उत्तर आता तयार आहे. ‘अकराचा खेळ बघितला, अर्धा तास झोपले, दोन तास काही केलं नाही.’ याच क्रमाने, याच आवाजात सांगा. मागे ‘पण भाजी मात्र निवडली हं’ असं शेपूट जोडू नका. त्या शेपटामुळेच पुढचे प्रश्न येतात. प्रश्न तरीही आला तर घरातल्या चौथ्या माणसाच्या दोन चिठ्ठ्या डब्यात टाका आणि त्यांचा खेळ रविवारी ठेवा. त्या दिवशी कुकर मध्यंतरात तेच लावतील.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. मेमध्ये पावसाळ्यापूर्वीच्या कामांसाठी एखाद्या दिवशी सकाळीच वीज बंद असते. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवला असेल तर संदेश येतो, त्या दिवशी चिठ्ठी काढू नका. आणि मुंबईत पाऊस सरासरीने ११ जूनला येतो. तो आला की हा सगळा सल्ला उलटा करायचा. ढग भरलेल्या दुपारी तुमचा पश्चिमेचा हॉल घरातली सगळ्यात चांगली जागा होतो. पडद्यावर ऊन नाही, खिडकी उघडी, गारवा फुकट. तेव्हा चारचा खेळ धरा, मध्यंतरात कांदाभजी करा, आणि उरलेल्या चिठ्ठ्यांपैकी सगळ्यात छोटा सिनेमा लावा. पहिल्या पावसात वीज जायला वेळ लागत नाही.